डमडमचा ताप आणि फवारणीचा पंप

कलकत्त्याच्या उत्तरेला असलेल्या डमडमचे नाव जगभर झाले ते दोन कारणांनी, आणि ही दोन्ही कारणे साम्राज्यशाहीने पुरविली. पहिले कारण सर्वांना ठाऊक आहे. १८९० नंतरच्या दशकात येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली शरीरात शिरताच फुटून पसरणारी गोळी तयार झाली. सरहद्दीवरचे 'रानटी' लोक साध्या गोळीने थांबत नाहीत, असे तिचे समर्थन करण्यात आले. १८९९ साली हेग येथील परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी घातली, तेव्हा ब्रिटनने विरोध केला आणि ती बंदी मान्य करावयास १९०७ सालापर्यंत वेळ लावला. दुसरे कारण वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. ते म्हणजे 'डमडमचा ताप'.

डमडमच्या छावणीतील गोऱ्या सैनिकांना महिनोन्महिने हटत नसलेला एक ताप येई. प्लीहा फुगून पोट मोठे होई, हातपाय काडीसारखे होत, रक्त आटे, आणि क्विनीनचा काही उपयोग होत नसे. छावणीत राहिलेला असा एक सैनिक इंग्लंडात परत गेला आणि १९०० साली साउदम्प्टनजवळच्या नेटली येथील लष्करी इस्पितळात मरण पावला. विल्यम लाईशमन या लष्करी डॉक्टराला त्याच्या प्लीहेत सूक्ष्मदर्शकाखाली काही अंडाकृती कण आढळले. त्यांविषयीचे टिपण त्याने १९०३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन याला तेच कण दिसले, आणि रोनाल्ड रॉसने दोघांची नावे जोडून त्या परजीवीचे बारसे केले. आसाम, बंगाल आणि बिहारमधील खेडुतांना हा आजार कित्येक वर्षांपासून परिचित होता. त्यांनी त्याला नावही दिले होते : काळा आजार.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधले पाहिजे. या तापाने आसामात गावेच्या गावे ओस पडत होती, तेव्हा त्याची नोंद महसुलातील तूट म्हणून होत होती. परजीवी सापडला तो मात्र गोऱ्या शिपायाच्या प्रेतात. यात लाईशमनला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या टेबलावर जे आले ते त्याने नीट पाहिले. प्रश्न टेबलावर कोणाचे शरीर येत होते, याचा आहे. वसाहतीतील आरोग्यखात्याची सारी रचनाच त्या प्रश्नावर उभी होती. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत हजारी ६९ मृत्यू होतात असा हिशेब मांडला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यावर आवाज उठविला, आणि मग छावण्यांत गटारे, स्वच्छ पाणी, हवेशीर बराकी आल्या. छावणीच्या कुंपणाबाहेरचा बाजार, ज्यातून या बराकींना भंगी, भिस्ती, धोबी आणि खानसामे मिळत, तो होता तसाच राहिला.

डमडमला या बाबतीत आणखी एक आठवण आहे. १८५७ च्या जानेवारीत याच कारखान्यातील एका हलक्या समजल्या गेलेल्या जातीच्या खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने विटाळाच्या भीतीने नकार दिला. तेव्हा तो कामगार उत्तरला की, गाईडुकरांची चरबी लावलेली काडतुसे तोंडाने तोडावी लागतील तेव्हा तुझी जात कोठे राहील? बंडाच्या इतिहासात काडतुसांची चर्चा पुष्कळ झाली. पाणी मागणाऱ्या त्या तहानलेल्या कामगाराची फारशी झाली नाही. सफाईच्या प्रश्नाचा विचार करताना त्याला विसरून चालत नाही.

काळ्या आजाराचे मूळ शोधण्यास अजून दोन दशके लागली. आसामातील चहामळ्यांवर एक अनुभव मात्र आधीच आला होता. नवगाव जिल्ह्यातील मळ्यांत डॉ. डॉड्स प्राइस आणि लेनर्ड रॉजर्स यांच्या सल्ल्याने मजुरांच्या रोगग्रस्त चाळी सोडून काहीशे यार्डांवर नव्या चाळी बांधण्यात आल्या, आणि नव्या चाळींत आजार पसरला नाही. औषध नव्हते, कारण ठाऊक नव्हते. केवळ घर बदलल्याने माणसे जगली. मळेवाल्यांनी ही बांधणी दयेपोटी केली नव्हती. मजूर लांबून भरती करून आणावा लागे, त्याला खर्च येई, आणि तो मेल्यास भांडवल बुडे. जेथे असा हिशेब जुळत नव्हता, म्हणजे मळ्याशेजारच्या खेड्यांत, तेथे नवी घरे बांधली गेली नाहीत. घर हेच औषध आहे हे मालकांना कळले होते, पण ते द्यावयाचे की नाही हे नफ्याच्या वहीत ठरत होते.

१९२४ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी वाळूमाशीकडे बोट दाखविले, आणि १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी आसामात माणसांवर प्रयोग करून ते सिद्ध केले. ही माशी डासापेक्षा लहान. तिला फार उंच किंवा दूर उडता येत नाही. ती राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, वाढते ओलसर, शेणामुताने कुजलेल्या जमिनीत, आणि रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. पक्के घर, कोरडी जमीन आणि खाट या तीन गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत, त्याचा हा आजार आहे. बिहारमध्ये मुसहर वस्त्यांत तो सर्वाधिक आढळला, त्यात नवल ते कसले.

औषधाचा शोध मात्र कलकत्त्यातच लागला, आणि तो एका हिंदी डॉक्टराने लावला, याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कॅम्पबेल इस्पितळातील, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार इस्पितळातील, एका लहानशा खोलीत, जेथे ना नळ होता ना विजेचा दिवा, रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात अँटिमनीवर काम केले आणि १९२० नंतरच्या एकदोन वर्षांत 'युरिया स्टिबामाइन' तयार केले. या औषधाने आसाम-बंगालमध्ये असंख्य प्राण वाचले. औषधाने बरे झालेल्या काहींच्या त्वचेवर पुढे डाग आणि गाठी उठतात, हेही त्यांनीच १९२२ साली प्रथम नोंदविले. ही दुसरी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता खरा मुद्दा. स्वातंत्र्यानंतर काळा आजार देशातून जवळजवळ नाहीसा झाला होता. तो कोणी घालविला? त्याच्यासाठी एकही स्वतंत्र मोहीम काढलेली नव्हती. १९५३ साली हिवतापविरोधी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि हजारो फवारणी कामगार खांद्यावर डीडीटीचे पंप घेऊन खेडोपाडी, घराघरांत शिरले. डास मेले, त्यांबरोबर भिंतींतल्या वाळूमाश्याही मेल्या. हिवतापाच्या रुग्णांची वार्षिक संख्या अंदाजे साडेसात कोटींवरून १९६५ साली एक लाखाच्या आसपास आली. मग राज्यकर्त्यांनी मानले की लढाई संपली. फवारणी आवरती घेण्यात आली, पैसा इतरत्र वळला, कामगार घरी गेले. १९७६ साली हिवतापाचे रुग्ण ६४ लाखांवर पोहोचले, आणि १९७७ साली उत्तर बिहारमध्ये काळा आजार परतला. त्या एका उद्रेकात सुमारे एक लाख लोकांना तो झाला आणि साडेचार हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. ब्रह्मचारींचे औषध उपलब्ध होते, वाळूमाशीचे जीवनचक्र शाळेच्या पुस्तकात छापलेले होते. फक्त पंप घेऊन येणारा माणूस येईनासा झाला होता.

या इतिहासाची आठवण आज मुद्दाम करावीशी वाटते, कारण पुन्हा विजयाची भाषा ऐकू येत आहे. निर्मूलनाची मुदत २०१० वरून २०१५, मग २०१७, २०२० अशी ढकलत ढकलत अखेर २०२३ साली देशातील सर्व बाधित ब्लॉकांत रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. शेजारच्या बांगलादेशाने त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचे शिक्कामोर्तबही मिळविले. असे करणारा तो जगातील पहिला देश. ही मोठी कामगिरी आहे, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ती कशावर उभी आहे ते पाहा. एका मात्रेत रोगी बरे करणारे लिपोसोमल अँफोटेरिसिन हे औषध गिलियड या अमेरिकन कंपनीने २०११ च्या करारान्वये जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दान म्हणून दिले आहे. दान देणाऱ्याला ते थांबविताही येते. फवारणी करणारे कामगार हंगामी आहेत. वर्षातून दोन फेऱ्या होतात, फेरी संपली की रोजगार संपतो. रुग्ण शोधून आणणाऱ्या आशांना सरकार कामगार म्हणत नाही, 'स्वयंसेविका' म्हणते, आणि वेतनाऐवजी रुग्णामागे प्रोत्साहन-रक्कम देते. म्हणजे रोग कमी झाला की तो शोधणारीची मिळकतही कमी! अशा व्यवस्थेत शेवटचे रुग्ण शोधणार कोण? आणि शेवटचे रुग्ण कोण, तर ब्रह्मचारींनी वर्णन केलेले ते त्वचेवर डाग असलेले लोक. त्यांना ताप नसतो, वेदना नसतात, ते दवाखान्यात येत नाहीत. पण वाळूमाशी त्यांच्यापासून परजीवी उचलू शकते. त्यांना शोधण्यास दारोदार हिंडावे लागते.

डमडममध्ये काळा आजार आज इतिहासजमा आहे. फाळणीनंतर तेथे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी मोकळ्या जमिनींवर आणि रिकाम्या लष्करी बराकींत वस्ती केली. सरकारने हुसकावू पाहिले तेव्हा त्यांनी संघटित होऊन जमीन राखली, आणि रस्ते, कूपनलिका, शाळा स्वतःच्या वर्गणीने उभ्या केल्या. नगरपालिका त्यांच्यापर्यंत पोहोचल्या त्या फार नंतर. सांडपाणी वाहून नेणारा बागजोला कालवा गाळाने भरत राहिला, तळी बुजवून इमारती झाल्या. तळी बुजविण्यास मनाई करणारी दुरुस्ती १९९३ साली मत्स्यव्यवसाय कायद्यात झाली; ती डाव्या आघाडीच्या राज्यात झाली, आणि तिचे उल्लंघनही त्याच राज्यात होत राहिले, हे आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

त्याच डमडमला २०१७ साली नव्या तापाने गाठले. दक्षिण डमडम हे त्या वर्षीच्या डेंग्यूच्या मोठ्या केंद्रांपैकी एक होते. कलकत्त्याला डेंग्यू नवा नाही. १९६३ च्या साथीत रक्तस्रावी डेंग्यूने शहर हादरले होते. नवे होते ते सरकारचे वर्तन. मृत्यूच्या दाखल्यांवर 'अज्ञात ताप' लिहिला जात असल्याच्या तक्रारी झाल्या, आणि आपल्या इस्पितळातील रुग्णांच्या गर्दीचे वर्णन समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या उत्तर चोवीस परगण्यातील एका सरकारी डॉक्टराला तृणमूल सरकारने निलंबित केले. लाईशमनच्या काळी निदान कण दिसले तर छापता येत होते.

डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो; त्याला मातीची भिंत लागत नाही. म्हणून सुखवस्तू गच्चीवरची कुंडी आणि बांधकामावरची टाकी त्याला सारखीच चालते. यामुळे काहींचा समज झाला आहे की, हा वर्गभेद न मानणारा रोग आहे. डास भेद करीत नसेल, पण पाणी का साठवावे लागते हे विचारा. ज्या वस्तीत नळाला दिवसातून तासभर पाणी येते, तेथे प्रत्येक घरात पिंप भरलेले असणारच. एंगेल्स यांनी १८७२ साली गृहप्रश्नावर लिहिताना दाखविले होते की, भांडवलशाही रोगाची आगरे नष्ट करीत नाही, त्यांची जागा बदलते. मँचेस्टरपासून डमडमपर्यंत याला अपवाद सापडणे कठीण. इंग्लंडमधील शहरे स्वच्छ झाली ती जलवाहिन्या आणि गटारे नगरपालिकांनी स्वतःच्या मालकीची केली, त्यांवर कायम पगारी माणसे नेमली आणि १८७५ च्या कायद्याने ते बंधनकारक झाले तेव्हा. आपल्याकडे त्याच इंग्रजांनी गटारे दिली ती प्रथम आपल्या वस्तीला, आणि आपल्या राज्यकर्त्यांनी आता गटार साफ करणारा माणूसही कंत्राटदाराकडे सोपविला आहे.

या माणसाच्या लढ्याचाही इतिहास कलकत्त्यात जुना आहे. १९२८ साली कलकत्ता महापालिकेच्या सफाई कामगारांनी प्रभावती दासगुप्ता आणि कॉ. मुझफ्फर अहमद यांच्या नेतृत्वाखाली मार्चमध्ये संप केला. आश्वासनांवर तो मागे घेतला, आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून जूनमध्ये पुन्हा केला. महापालिकेत तेव्हा राष्ट्रवादी मंडळी होती. पुढच्याच मार्चमध्ये मुझफ्फर अहमद मीरत खटल्यात पकडले गेले. आपल्या मुंबईत २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयातून मिळविण्यास २०१७ साल उजाडावे लागले, तेही वर्षानुवर्षांच्या खटल्यानंतर. महाराष्ट्रातील आशा २०२३ च्या ऑक्टोबरात संपावर गेल्या आणि २०२४ च्या आरंभी पुन्हा आझाद मैदानावर बसल्या. त्यांच्या मागण्यांच्या बातम्या 'मानधनाचा प्रश्न' या मथळ्याखाली छापल्या गेल्या. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे वृत्तपत्रांना दिसले नाही. आपल्याही पत्रकांत ते पुरेसे ठसठशीतपणे येत नाही, असे मला वाटते.

काळ्या आजाराच्या बाबतीत आता मागणी अगदी नेमकी करता येते. निर्मूलनाच्या शिक्क्यासाठी रोगाचे प्रमाण तीन वर्षे खाली राखावे लागते. ही तीन वर्षे, आणि त्यानंतरची दहा, फवारणी कामगार आणि आशा यांना बारमाही पगारावर ठेवण्यासाठी बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांना केंद्राने स्वतंत्र निधी द्यावा. औषध देशातील सार्वजनिक कारखान्यांत तयार करावे. आणि मुसहर वस्त्यांत पक्क्या घरांचे काम प्राधान्याने घ्यावे. घराने हा आजार थांबतो, हे नवगावच्या मळ्यांत सिद्ध होऊन शंभर वर्षे उलटून गेली आहेत.