पडद्यावरचा आमचा मुलूख

चित्रपटांतले आम्हांस फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकून सावित्रीकाठी बसले, की पाहिलेल्या सिनेमांचा हिशेब निघतो, इतकेच.

'तान्हाजी' (२०२०) पाहायला मोठ्या हौसेने गेलो. मालुसऱ्यांचे उमरठ म्हणजे शेजारच्या पोलादपूर तालुक्यातले. पडद्यावर मात्र ती अजस्र तोफ आणि संगणकाने उभारलेले कडे. उमरठचा माणूस त्यात सापडेना. 'हिरकणी' (२०१९) त्या मानाने बरा. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरणारी बाई निदान ओळखीची वाटली. (गाणी आवरली असती तर अधिकच.)

पण जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००)! नायक मल्याळी, मूळ भाषा इंग्रजी. तरी १९२७ चे महाड पडद्यावर आले, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, आणि आमची मान खाली गेली. त्याच तळ्यावरून आम्ही शेकडो वेळा बाजाराला गेलो आहोत, कधी थांबलो नाही. सत्याग्रहींना मारहाण करणारे हात याच गावचे होते. त्यांत आमच्या घरचे कोणी होते का, हे वडीलधाऱ्यांना विचारायचे धैर्य आम्हांस अजून झालेले नाही.