रत्नागिरीला जायचे, पण केव्हा?

गणपती उठले की नाशिकच्या शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. ठिकाण ठरवताना बराच खल होतो. किल्ला की लेणी, समुद्र की धरण. मुलांचे एक मत, शिक्षकांचे दुसरे. पण ठिकाण एकदा ठरले की महिन्याबद्दल कोणी फारसा विचार करीत नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा हे उत्तर जणू आधीच छापून ठेवलेले असते. ‘तेव्हा हवा चांगली असते’ एवढे कारण त्याला पुरते.

विद्यार्थिमित्रहो, विज्ञान शिकणाऱ्याने या ‘चांगली’ शब्दापाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. चांगली म्हणजे नेमकी कशी? आणि कशासाठी चांगली?

उदाहरणादाखल आपण रत्नागिरी घेऊ. समुद्रकाठचे, सौम्य हवेचे आणि भरपूर पावसाचे हे शहर. नाशिकहून ते चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. पेठ-सुरगाण्यापासून येवला-नांदगावपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन सहलीची वर्गणी भरलेली असते. अशी सहल बहुतेकांच्या शालेय जीवनात एकदाच घडते. म्हणून ती केव्हा काढायची, हा प्रश्न सवयीवर सोडून देण्याजोगा नाही.

प्रथम सरासरीचा मोह टाळू. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. याला ३६५ ने भागले तर रोजचा पाऊस ८ मिलिमीटरांच्या वर येतो. हा आकडा पाहून एखाद्याला वाटेल, रोज एक बरीशी सर येत असावी, छत्री घेतली की झाले! पण असा ‘सरासरी दिवस’ रत्नागिरीत उगवतच नाही. वर्षाच्या पावसापैकी नऊ दशांशांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एकट्या जुलैत तिथे जेवढे पाणी पडते, तेवढे आपल्या नाशिक शहरात सबंध वर्षात पडत नाही. उलट जानेवारी-फेब्रुवारीत आकाश महिनामहिना कोरडे असते. तेव्हा वर्षाची सरासरी सहलीच्या कामाची नाही. महिन्यामहिन्याचे आकडेच पाहिले पाहिजेत.

आता तापमान पाहा. रत्नागिरीचे दुपारचे कमाल तापमान वर्षभर साधारण २८ ते ३३ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहते. नाशिकला मात्र हेच तापमान पावसाळ्यात २८ अंशांच्या आसपास, तर एप्रिल-मे महिन्यांत ३८ पर्यंत चढते. जानेवारीच्या पहाटे नाशिकचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, रत्नागिरीचा १९ च्या आसपासच थांबतो. याचे कारण तुम्ही आठवी-नववीत शिकला आहात. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक कॅलरी उष्णता लागते, तर कोरड्या मातीला वा खडकाला तिच्या पाचव्या हिश्शाएवढी पुरते. शिवाय समुद्राचे पाणी लाटांनी खोलवर ढवळले जाते, जमीन मात्र वरच्यावरच तापते आणि लवकर निवते. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हेही विसरू नका. दर किलोमीटरला साडेसहा अंश हा हिशेब धरला तर उंचीमुळे सुमारे चार अंशांचा फरक पडतो. पण पहाटेचा फरक नऊ अंशांचा आहे. उरलेल्या फरकात समुद्राचा मोठा वाटा आहे.

यातून एक गंमतीची गोष्ट निघते. जुलैच्या दुपारी नाशिक आणि रत्नागिरी यांची तापमाने जवळपास सारखीच असतात. त्या वेळी तापमापक घेऊन गेलात तर समुद्राचा धडा तुम्हाला दिसणारच नाही. थंडीत मात्र तो पहाटेच्या एका नोंदीतही दिसतो. म्हणजे हिवाळा हा केवळ ‘सुखाचा’ म्हणून नव्हे, तर घर आणि परगाव यांतला फरक मोजता येतो म्हणून चांगला. सहलीचा ऋतू निवडण्याची माझी पहिली कसोटी हीच आहे: जे शिकायचे आहे ते ज्या दिवसांत ठळक दिसते, ते दिवस चांगले.

वाऱ्यांचेही तसेच आहे. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे पुस्तकात आकृतीसह असतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरदार वारा त्यांना झाकून टाकतो. नोव्हेंबरअखेरीपासून हा मोठा वारा नसतो आणि आकाश निरभ्र असते. तेव्हा काठीला कापडाची पट्टी बांधून सकाळी सहाला आणि दुपारी तीनला दिशा पाहिली, तर पुस्तकातली आकृती बहुतेक दिवशी डोळ्यांसमोर उभी राहते.

‘मग मे महिन्यात का नको? सुट्टी असते, हापूसही असतो,’ असे कोणी म्हणेल. हापूसबद्दल माझी तक्रार नाही! पण मेमधली रत्नागिरीची दुपार तापमापकावर ३२-३३ अंशच दाखवते आणि तरीही अंगाची काहिली होते, याचे कारण समजून घ्या. आपले शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ओल्या त्वचेचे तापमान ३५ अंश धरले तर तिला लगटून असलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम बाष्प असते. समजा, मेमध्ये नाशिकच्या ३८ अंशांच्या कोरड्या हवेत १० ग्रॅम बाष्प आहे आणि रत्नागिरीच्या ३२ अंशांच्या दमट हवेत २४ ग्रॅम. पहिल्या ठिकाणी फरक ३० ग्रॅमचा, दुसऱ्या ठिकाणी १६ चा. फरक निम्मा, म्हणून घाम सुकण्याचा वेगही जवळपास निम्मा. सावली नसलेल्या जांभ्याच्या सड्यावर कातळशिल्पे पाहायला चाळीस मुले अशा दुपारी नेणे शहाणपणाचे नाही. त्यात मॉन्सूनची तारीख आता गृहीत धरता येत नाही. मुंबईत तो सामान्यतः ११ जूनच्या सुमारास पोचतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. तौक्ते चक्रीवादळही २०२१ च्या मे महिन्यातच कोकण किनाऱ्याजवळून गेले.

आता पावसाळा. कोकण खरे पाहावे ते पावसातच, असे म्हणणारे रसिक अनेक आहेत, आणि त्यांचे खोटे नाही. पण एकट्या प्रवाशाने पत्करलेला धोका आणि शाळेने मुलांच्या वतीने पत्करलेला धोका यांत फरक आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून रेल्वेगाडीला भीषण अपघात झाला. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने, वेगळ्या वेळापत्रकानुसार धावतात, ते अशा दरडींमुळेच. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराच्या पाण्याखाली गेले. आपली वाट तिथूनच जाते. शिवाय जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि खवळलेल्या समुद्राच्या जवळही जाता येत नाही. मग चारशे किलोमीटर जाऊन खिडकीतूनच पाऊस पाहायचा का?

तो पाहायला इतके लांब जायलाही नको. नाशिकपासून सुमारे ४५ किलोमीटरांवरच्या इगतपुरीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि नाशिक शहरात सुमारे ७०० मिलिमीटर. सह्याद्रीवर चढणारी हवा थंड होऊन आपले पाणी तिथे टाकते आणि पलीकडे कोरडी होऊन उतरते, हा पर्जन्यछायेचा धडा आपल्या उंबऱ्यावर आहे. सरळ भिंतीच्या, सपाट तळाच्या बरणीत पट्टी धरून पाऊस मोजता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. इगतपुरीच्या एखाद्या शाळेशी ठरवून दोन्हीकडे रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामानखात्याच्याच वेळेला, नोंद केली तर धबधब्याच्या कड्यावर न जाताही पावसाचा धडा पुरा होतो.

म्हणून माझे मत असे, की पाऊस घराजवळ मोजावा आणि समुद्र मध्य-नोव्हेंबर ते मध्य-जानेवारी या दोन महिन्यांत पाहावा. पण इथवर येऊन थांबलो तर आपण जुन्याच उत्तरापाशी आलो असे वाटेल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा याच काळात पडतो ना? पडतो. हवेच्या दृष्टीने त्यात वाईट काही नाही. पण समुद्रकाठी महिन्याइतकीच तिथी महत्त्वाची असते, आणि नाताळच्या सुट्टीला चिकटून बसलात तर तिथी निवडता येत नाही.

कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. मात्र ती भांगाची, पाणी फारसे मागे न हटणारी. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेत येते व उधाण असते. त्या वेळी ओहोटीलाही पाणी खूप मागे जाते, पण ते पहाटे आणि सायंकाळी, अंधाराच्या कडेला. तृतीयेला मात्र तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. उधाणाचा जोर अजून उरलेला, उजेड स्वच्छ, ऊन कोवळे! खडकांवरची कालवे, खळग्यांतले खेकडे आणि समुद्रफुले पाहायला याहून चांगली सकाळ नाही. पाणी परतू लागण्यापूर्वी मुले वर आलेली असली पाहिजेत, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. मग दुपारच्या भरतीच्या वेळी झाडगावचे सागरी संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहावे. अशी द्वितीया-तृतीया दर पंधरवड्याला येते. दोन महिन्यांत चार संधी मिळतात.

हा हिशेब केवळ हौसेचा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले दहाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता, हिवाळाच होता. ऋतू चांगला म्हणून समुद्र निर्धोक, ही समजूत फार घातक आहे. ठोकताळ्यात अर्ध्यापाऊण तासाची चूक सहज असते. म्हणून प्रत्यक्ष जाताना भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत, गावातल्या कोळ्यांना विचारावे, आणि पाण्यात उतरण्याचा हट्ट कोणी धरू नये.

आणखी एक गोष्ट. हवामानाचे आकडे महिना निवडायला उपयोगी पडतात, दिवस निवडायला नाही. ‘नोव्हेंबरात वादळ क्वचित येते’ याचा अर्थ ‘येत नाही’ असा होत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलेच होते. म्हणून निघण्यापूर्वी चार-पाच दिवस हवामानखात्याचा जिल्हावार इशारा आणि किनाऱ्यासाठी उंच लाटांचा इशारा पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी. त्यासाठी एक पर्यायी तारीख आधीच ठरलेली हवी. चार संधींचा फायदा इथेही होतो.

शिक्षकबंधू-भगिनींची अडचण मला कळते. डिसेंबरात स्नेहसंमेलन असते, अभ्यासक्रम मागे पडलेला असतो, गाडी आणि मुक्काम आधी ठरवावे लागतात. पण नाताळच्या गर्दीत तीच गाडी आणि तोच मुक्काम मिळणे अधिक अवघड व महाग असते. शाळेचे दोन दिवस बुडतील हे खरे. त्या दोन दिवसांत विशिष्ट उष्मा, आर्द्रता, स्थानिक वारे आणि भरती-ओहोटी असे चार पाठ प्रत्यक्ष होणार असतील, तर ते बुडाले असे मी म्हणणार नाही.

यंदा हे करून पाहा. सहलीची तारीख शिक्षकखोलीत न ठरवता वर्गात ठरवा. फळ्यावर महिने मांडा, त्यांच्यापुढे पाऊस, तापमान, आर्द्रता, धोका आणि खर्च यांचे रकाने आखा. मग दिनदर्शिका उघडून तिथ्या पाहा. एखाद्या वर्गाचे उत्तर माझ्याहून वेगळे येईल, तर येऊ द्या. मात्र ते का आले, हे त्या वर्गाला सांगता आले पाहिजे.