केबिन नावाची वास्तू

मुंबईच्या रेल्वेवरील आपल्या लेखनात गर्दी असते, फलाट असतो, बोरीबंदरचा घुमट असतो. सिग्नलची केबिन मात्र क्वचितच असते. ही उणीव तपशिलाची नसून दृष्टीची आहे, असे मला वाटते.

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये घडलेली ही वास्तू बहुधा दुमजली असे. दोन्ही दिशांचे रूळ दिसावेत म्हणून वरच्या मजल्याला तीन बाजूंनी काचा. तेथेच लीव्हरांची रांग. तिच्यापासून निघालेल्या तारा सिग्नलांपर्यंत आणि लोखंडी दांडे सांध्यांपर्यंत जात. खाली, लीव्हरांना परस्परांशी जखडणारी यंत्रणा. अशा यंत्रणेचे पेटंट जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये घेतले. सांधे योग्य बसल्याखेरीज सिग्नल पडू नये आणि एका गाडीला दिलेल्या वाटेत दुसरी येऊ नये, हा तिचा नियम. बोरीबंदरच्या वास्तूत वैभव बोलते. केबिनचा आकार मात्र जबाबदारीने ठरवलेला आहे.

चार्ल्स डिकन्सने १८६५ मध्ये स्टेपलहर्स्टचा रेल्वे अपघात स्वतः अनुभवला आणि पुढच्याच वर्षी ‘द सिग्नल-मॅन’ ही कथा लिहिली. आपण ती भूतकथा म्हणून वाचतो. पण तिच्यातील खरे भय एकट्या कामगाराचे आहे: धोका जाणवतो आहे, परंतु तो कोठे आणि कोणाला कळवायचा, हे ठाऊक नाही.

गोवंडीत व्हिक्टोरियन केबिन शोधायला कोणी जाणार नाही. हार्बर मार्ग विसाव्या शतकातला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून याच मार्गाने कुर्ल्याला गेली. तरीही गोवंडीला गाडीत चढून उभ्याउभ्या डुलकी घेणारा माणूस त्या जुन्या नियमाच्याच भरवशावर असतो. लीव्हर जाऊन रिले आणि संगणक आले. नियम बदलला नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे सिग्नलच्या जोडणीत चूक झाली. सांधे लूप मार्गाकडे वळलेले असताना कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

बोरीबंदरला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो योग्यच. पण जुन्या केबिनी जेथे उरल्या असतील, तेथे त्या लीव्हरांसह, आणि तेथे राबलेल्यांच्या आठवणींसह जपल्या पाहिजेत. रिकाम्या भिंती राखून ते काम पुढच्या पिढीला कळणार नाही. आणि साहित्याच्या अभ्यासकांनी रेल्वे वाचताना प्रवाशाइतकेच सांधेवाल्याकडेही पाहावे.