झडती आणि अर्ज

मी विमानात कधी बसलेलो नाही. पहिल्यांदाच सांगून टाकतो, मागाहून कुणी विचारायला नको. मग सारखं विमानानं हिंडणाऱ्यांनी झडतीबद्दल लेखी तक्रार करावी का नाही, हा प्रश्न आपल्या अंकाच्या पहिल्या पानावर कशापायी? तर झडती मला ठाऊक आहे म्हणून. मी ती रोज दोनदा देतो. गोदीत शिरताना एकदा, सुटताना एकदा. कुठली गोदी, कुणाचा रखवालदार, ते लिहीत नाही. हात वर कर. डबा उघड. कंबर दाखव. मोजे काढ. पाठीमागं टोळी उभी, पुढं रस्ता, मधे मी. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो, पण त्या दारात मी फक्त एक खिसा असतो.

दिवाळीत राहुरीला गेलो होतो. एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवर शाळेतला दोस्त भेटला. बारा वर्षांचा असताना उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा डावा पाय गेला. तरी गडी हटला नाही. कृषी विद्यापीठात शिकला, आता बियाण्याच्या धंद्यात आहे, महिन्यातून चार वेळा विमानात असतो. मी म्हटलं, "मजा आहे राव तुझी." तर तो म्हणला, "कसली मजा? दरवाजातून गेलो की यंत्र ओरडतं. मग बाजूला घेतात. कधी नुसता पाय तपासून सोडतात. कधी म्हणतात, पाय काढा. परवा चारचौघांत पँट वर करून पाय काढला, मशीनच्या पट्ट्यावर ठेवला. चपला-बॅगांच्या रांगेत माझा पाय चालला. मी खुर्चीला धरून एका पायावर उभा."

"तक्रार केलीस?"

"कशाला? सुरक्षेचा प्रश्न असतो. शिवाय नाव लागतं. पुन्हा त्याच दारातून जायचंय ना."

भावांनो, हेच वाक्य आम्ही गोदीच्या दारात बोलतो. एका शब्दाचा फरक नाही. त्याच्या खिशात विमानाचं तिकीट, माझ्या खिशात ठेकेदाराचा पास. भीती एकच.

म्हणून हा अग्रलेख.

तक्रारीनं काही होत नाही म्हणणाऱ्यांनी जरा मागं बघावं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, ही कैफियत उघडपणे मांडली. एका दिवसात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलानं त्यांची माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, माणसाची प्रतिष्ठा राखायची तर विमानतळावर अपंगांना कृत्रिम अवयव काढायला सांगू नये. हे कोर्टाच्या तोंडून आपोआप आलं का? नाही. जीजा घोष नावाच्या बाईला, सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून, फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याला विमानातून उतरवलं होतं. ती गप्प घरी गेली नाही. कोर्टात गेली. २०१६ साली तिला दहा लाखांची भरपाई मिळाली, आणि तिच्याच खटल्यातून पुढं कृत्रिम अवयवांबद्दलचं हे म्हणणं आलं.

सुधा चंद्रन यांचं एका दिवसात ऐकलं, कारण त्यांना लोक ओळखतात. माझ्या दोस्ताला राहुरीच्या स्टँडवर ओळखतात, दिल्लीत नाही. ज्याला नाव नाही त्याच्याकडं कागद असावा लागतो. तारीख, वेळ आणि सही असलेला कागद.

पण तक्रार-तक्रारीत फरक आहे. एक तक्रार असते, "मला ओळखत नाही का? मला का तपासलं?" ही बड्यांची तक्रार. विमानतळावर कुणाची झडती घ्यायची नाही याची सरकारी यादी असते. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल आणि पुढं बरेच. एका बड्या घराण्याच्या जावयाचंही नाव त्या यादीत वर्षानुवर्षं होतं, ते २०१५ साली निघालं. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीला अब्दुल कलामांची एका अमेरिकन विमान कंपनीनं झडती घेतली. माजी राष्ट्रपती म्हणून ते यादीत होते, म्हणून संसदेत गदारोळ झाला, कंपनीनं माफी मागितली. कलामांनी स्वतः मात्र तक्रार केली नव्हती, निमूट झडती दिली होती. तो त्यांचा मोठेपणा. माझा सवाल कलामांना नाहीच, यादीला आहे.

ज्यांना हात लावायचा नाही अशांची यादी! ही भानगड आपल्याला नवी वाटते काय? माझ्या पणज्याला गावात कुणी शिवत नव्हतं, तो बाटवेल म्हणून. मला रोज शिवतात, खिशात, कमरेत, मांडीला, मी चोर असेन म्हणून. आणि साहेबाला शिवत नाहीत, तो साहेब आहे म्हणून. कुणाच्या अंगाला कुणी हात लावायचा, हे या देशात अजून वरूनच ठरतं. पारध्यांना विचारा. १८७१ च्या कायद्यानं आईच्या पोटातच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ साली गेला, पण पालावरची झडती त्या कागदाबरोबर गेली नाही.

तेव्हा आपली तक्रार "मला सोडा" अशी नको. "सगळ्यांना तपासा, पण माणसासारखं तपासा" अशी हवी.

कुणी म्हणेल, मग झडती नकोच का? असं मी म्हणत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. शेकडो माणसं मेली, त्यांत आमच्यासारखे हमालच किती! म्हणून शिरताना कुणी माझ्या खिशातली काडेपेटी काढून घेतली, तर माझं काही म्हणणं नाही. त्यात माझाच जीव वाचतो. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला पळवून नेलं, त्यानंतर २००० सालापासून विमानतळांवर औद्योगिक सुरक्षा दल आलं. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर गोळ्या झाल्या, त्या लांबच्या गाड्यांची वाट बघत बसलेल्या माणसांवर. तपासणी हवी. माझा राग आहे सुटतानाच्या झडतीवर. शिरतानाची झडती म्हणते, तू जगावास. सुटतानाची झडती म्हणते, तू चोर आहेस. विमानतळावरची झडती शिरतानाची आहे. तिला माणूस वाचवायचाय. मग ज्याला वाचवायचं त्यालाच चारचौघांत उघडा पाडून कसं चालेल?

आपल्यातली काही पोरं म्हणतात, अर्ज म्हणजे भीक, आपण रस्त्यावरची माणसं. मी पण रस्त्यावरचाच आहे. पण गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली महारांची फौजभरती बंद झाल्यावर अर्जच लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळेंनी १९१० साली तोच प्रश्न अर्जानंच थेट विलायतेत भारतमंत्र्यांपर्यंत नेला. लगेच काही मिळालं नाही. पहिल्या महायुद्धात पलटण निघाली, मोडली, मग १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. कागद म्हातारा झाला, पण मेला नाही. आणि इतकं लांब कशाला? आपल्या राहुरीजवळचं शनिशिंगणापूर घ्या. घरांना दारं नाहीत म्हणून जगात नाव, पण चौथऱ्यावर बायकांना अटकाव. २०१६ साली बायका रस्त्यावर उतरल्या आणि त्याच वेळी विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांची याचिका मुंबई हायकोर्टात गेली. ८ एप्रिलला चौथरा उघडला. रस्ता आणि कागद, दोन्ही लागले.

तर विमानानं हिंडणाऱ्या साथींनो, तुमच्यावर ही जबाबदारी जास्त आहे. वर्षात पन्नास वेळा त्या दारातून जाणाऱ्यालाच कळतं, की एका विमानतळावर पाय काढायला लावतात आणि दुसऱ्यावर लावत नाहीत. आखाती देशात कामाला निघालेला गडी पहिल्यांदाच जात असतो. प्लास्टिकच्या पिशवीत कागद छातीशी धरून उभा असतो. आडोशाला घेऊन तपासा असं म्हणता येतं, हेच त्याला ठाऊक नसतं. तो तक्रार करणार नाही. त्याची तक्रार तुम्ही करायची.

कशी करायची? शिव्या देऊन नाही. जवानावर राग काढू नका. तोही कुठल्या तरी गावचा, तासन्‌तास उभा, वरून आलेला हुकूम पाळणारा. जागेवरच पाळीप्रमुखाला बोलवा. मग लिहा: तारीख, वेळ, विमानाचा नंबर, कितवं दार, काय काढायला लावलं, आडोसा दिला का, कुणासमोर झालं. शेवटी मागणी लिहा, एकच आणि सगळ्यांसाठी. एक प्रत विमानतळाच्या व्यवस्थापनाला, एक दिल्लीत नागरी विमान सुरक्षा ब्यूरोला. सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, तिथंही टाका. हे दल माहितीच्या अधिकारातून वगळलंय असं ऐकवतील. खरंय, पण मानवी हक्कांच्या भंगाची माहिती त्या कायद्यानं वगळलेली नाही. तेवढी फट पुरे आहे. आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

त्या रात्री दोस्ताच्या ओट्यावर बसून आम्ही दोघांनी त्याचा अर्ज लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा जमला. सही करताना त्याचा हात थांबला. म्हणला, "गड्या, पुढच्या सोमवारी त्याच दारातून जायचंय." मी काही बोललो नाही. त्यानं सही केली.

मग मला मुंबईला येऊन गप्प बसता येईना. आमच्या दाराचाही अर्ज लिहिला. सुटताना झडती घ्यायची तर आडोशाला घ्या, आणि ऑफिसातून सुटणाऱ्या बाबूंचीही घ्या. टोळीतल्या अकरा जणांनी सह्या केल्या. सह्या गोल काढल्या, पहिलं नाव कुणाचं ते कळू नये. मुकादमानं मला बोलावून विचारलं, "लई शहाणा झालास का?" मग त्याला उरलेल्या दहा जणांनाही विचारावं लागलं.

माझ्या दोस्ताला उत्तर आलेलं नाही. आम्हालाही नाही. रोज संध्याकाळी हात वर करून उभा राहतोच. पण आता दोन्ही अर्जांची पोच आमच्याकडं आहे. परवा रखवालदारानं खिसा तपासताना तो कागद बाहेर काढला, वाचला, घडी घालून परत खिशात ठेवला. त्या दिवशी मोजे काढायला लावले नाहीत.

जय भीम.