चाळीस भागांची सोबत



उतारवयात प्रेमकथा पाहाव्यात की नाही, हा प्रश्न खरे तर पडूच नये. परंतु तो पडतो. घरातील तरुण मंडळी चेष्टेने हसतात आणि मग आजी किंवा आजोबा मोबाईलचा इवलासा पडदा डोळ्यांजवळ धरून, रात्री सारे निजल्यावर, चोरून पाहू लागतात. मानेचे दुखणे, डोळ्यांची आग आणि झोपेचे खोबरे यांची सुरुवात पुष्कळदा या चोरीतूनच होते. म्हणून पहिली विनंती कुटुंबीयांना: ज्येष्ठांना हवी ती मालिका दिवाणखान्यात, मोठ्या पडद्यावर, उजळ माथ्याने पाहू द्या.

आज एका चिनी प्रेममालिकेच्या निमित्ताने याविषयी बोलू. तिचे इंग्रजी नाव ‘मीट युवरसेल्फ’. मूळ चिनी नावाचा अर्थ ‘जिथे वारा आहे तिथे जाऊ’ असा होतो. जानेवारी २०२३ मध्ये ती चीनमधील हुनान वाहिनीवर प्रथम दाखवली गेली. नायिका शू होंगदोऊ बीजिंगमधील एका मोठ्या हॉटेलात नोकरी करते. तिची जिवलग मैत्रीण स्वादुपिंडाच्या कर्करोगाने जाते, आणि होंगदोऊचे कामातून, शहरातून, स्वतःतूनही मन उडते. ती नोकरी सोडून युन्नान प्रांतातील दाली परिसरातल्या एका खेड्यात तीन महिने राहायला जाते. तिथे तिला शिए झियाओ भेटतो. तोही शहरातील नोकरी सोडून गावाच्या उत्कर्षासाठी परतलेला. पुढे काय होते, ते आपण ओळखलेच असेल.

या कथेत खलनायक नाही, कटकारस्थान नाही. ढगांनी वेढलेला त्सांगशान पर्वत, पायथ्याचे एरहाई सरोवर, तिथल्या बाई समाजाची निळी-पांढरी बांधणी, लाकडावरचे कोरीवकाम आणि अंगणातील गप्पा यांतून ती सावकाश पुढे जाते. नायकाच्या आजीची भूमिका करणाऱ्या वू यान्शू यांचा जन्म १९३८ सालचा. त्यांना पडद्यावर वावरताना पाहणे हाच आपल्या वयाच्या प्रेक्षकांना एक दिलासा आहे.

मालिका ४० भागांत संपते, ही दुसरी जमेची बाजू. चीनच्या प्रसारण नियामकांनी २०२० मध्ये मालिका ४० भागांपलीकडे जाऊ नयेत, असे बंधन घातले होते. वर्षानुवर्षे लांबणाऱ्या मालिकांची सवय असलेल्या आपल्याला शेवट ठाऊक असलेली सोबत आवडेल. एक भाग सुमारे पाऊण तासाचा. म्हणजे एकूण ३० तास. रोज एक भाग पाहिला, तर ४० संध्याकाळी. मात्र तीन-तीन भाग सलग पाहिले, तर तेच औषध मात्रा चुकल्यासारखे होते.

ती मात्रा सांभाळण्यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. ही सोय नातवंडांकडून बंद करवून घ्यावी. थांबण्याचा निर्णय आपल्या हाती राहतो.

पाऊण तास एका जागी बसल्यावर झटकन उठू नये. उतारवयात, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असताना, उठताक्षणी रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते आणि पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. बसल्या बसल्या दहा-वीस वेळा घोटे वर-खाली हलवावेत, थोडे थांबावे, मग आधार धरून उभे राहावे.

पडद्यावरील संवादांची अक्षरे वाचताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. अधूनमधून खिडकीबाहेर दूर पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास पलंगावर उशीला टेकून पाहू नये. अशा वेळी नजर खालच्या, वाचनाच्या भिंगातून जाते, दूरचा पडदा अंधुक दिसतो आणि मान अवघडते. खुर्चीत ताठ बसावे, पडदा नजरेच्या पातळीवर असावा. अक्षरांचा आकार बहुतेक ठिकाणी वाढवता येतो. ऐकू कमी येणाऱ्यांना तर ही अक्षरे वरदानच आहेत. आवाज चढवण्यावरून होणारी घरातील कुरबुर टळते. इंग्रजी भरभर वाचणे जड जात असेल, तर हिंदीत उपलब्ध असलेली मालिका निवडावी.

शेवटचा भाग झोपण्यापूर्वी निदान तासभर आधी संपावा. रात्रीचे जेवण आणि औषधे, विशेषतः इन्सुलिन, यांची वेळ मालिकेसाठी पुढे ढकलू नये. मालिका थांबवून ठेवता येते.

आता एक नाजूक गोष्ट. या मालिकेचा आरंभच आजार आणि मृत्यूने होतो. ज्यांनी अलीकडे जोडीदार, भावंड किंवा मैत्रीण गमावली आहे, त्यांना पहिला भाग जड जाईल. काळजीवाहकाने तो आधी स्वतः पाहावा, कल्पना द्यावी आणि शेजारी बसावे. डोळे भरून आले, तर लगेच वाहिनी बदलू नये. पडद्यावरच्या दुःखाच्या आडून माणूस पुष्कळदा आपले दुःख प्रथमच बोलतो. तेव्हा केवळ ऐकावे. मात्र अनेक आठवडे झोप आणि भूक मंदावली असेल, जगण्यात रस उरलेला नसेल, तर मालिकेवर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला परकी नावे आणि गुंतागुंतीचे नाते लक्षात राहणार नाही. त्याची चिंता नको. एकेक दृश्य, सरोवर, फुले, स्वयंपाकघर, असे दाखवावे. “तुमच्या गावी अंगण होते का हो?” एवढा एक प्रश्न पुरतो. गोष्ट चीनची राहते, बोलणे मात्र आपल्या ओसरीवर येते.

आणि काळजीवाहकांनो, आपणांसाठी. होंगदोऊ खेड्यात जाते ती प्रेम शोधायला नव्हे, थकवा उतरवायला. तीन महिन्यांची रजा आपल्याला कुठली मिळणार! तरी आठवड्यातून दोन संध्याकाळी तो पाऊण तास घरातील दुसऱ्या कुणाकडे जबाबदारी सोपवून आपला म्हणून मागून घ्यावा. तो मागताना अपराधी वाटून घेऊ नये. दमलेल्या हातांनी केलेली शुश्रूषा रुग्णालाही सोसत नाही.

मालिका संपल्यावर लगेच दुसरी सुरू करू नये. तीच पाऊण तासाची वेळ चार दिवस फिरण्याला, फोनवरून जुन्या मैत्रिणीची चौकशी करण्याला द्यावी. तिला सांगायला आता आपल्याजवळ एक गोष्टही असेल.