स्वायत्तता आणि न्याय

विद्यापीठाने बडतर्फ केलेल्या प्राध्यापकाने उच्च न्यायालयात धाव घेतली, की ‘स्वायत्ततेवर घाला’ अशी ओरड होते. ती आम्हांस अनाठायी वाटते. अशा प्रकरणी न्यायालय अपील ऐकावयास बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे. आरोप कळविला काय, बचावाची संधी दिली काय, निर्णयास पुरावा होता काय आणि शिक्षा न्यायबुद्धीस हादरा देण्याइतकी अवाजवी नाही ना, एवढेच ते पाहते. चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याने केली असल्यास तिच्या अहवालाची प्रत निर्णयापूर्वी संबंधितास द्यावी, असा दंडक त्याने १९९३ सालीच घातला. याउलट, सिलोनच्या विद्योदय विद्यापीठातील प्राध्यापक ‘आपले म्हणणे न ऐकताच काढले’ म्हणून दाद मागू लागला, तेव्हा तो विद्यापीठाचा नोकर ठरवून प्रिव्ही कौन्सिलने १९६४ साली त्याला रिक्तहस्ते परत धाडले. तो मार्ग आपण पत्करला नाही, हे इष्टच झाले. विद्यापीठाची स्वायत्तता सत्य निर्भयपणे सांगता यावे म्हणून असते. अधिकाऱ्यांच्या मर्जीसाठी नव्हे. तथापि वर्षानुवर्षांनी मिळालेला न्याय बुडालेले अध्यापन परत आणीत नाही. म्हणून विद्यापीठांनी चौकशीच अशी करावी, की कोर्टाची पायरी चढण्याचे कारण उरू नये.