किल्ली ज्याच्या हातीं दिली तो

रात्रीं कुलूप फोडून घरांत शिरणाऱ्या चोरास तुरुंगांत धाडावें, ह्याविषयीं दुमत नसतें. परंतु ज्याच्या हातीं घरधन्यानें आपण होऊन किल्ली दिली, त्यानेंच पेटी रिकामी केली, तर लोक म्हणतात, "घरची गोष्ट आहे, चव्हाट्यावर कशाला आणावयाची?" त्यांतून धनी ऐशीं वर्षांचा असला, व लुबाडणारा त्याचा मुलगा, पुतण्या, वकील किंवा हिशेबनीस असला, म्हणजे सारेच गप्प बसतात. हें मौन आम्हांस मान्य नाहीं. अशा प्रसंगीं सरकारनें फिर्यादी होऊन फौजदारी खटला भरलाच पाहिजे, असें आमचें मत आहे.

न्यूयॉर्क शहरीं २००९ सालीं चाललेला एक खटला ह्या बाबतींत माहीत करून घेण्याजोगा आहे. ब्रुक ॲस्टर ह्या तेथील फार श्रीमंत विधवा. पतीच्या निधींतून त्यांनीं ग्रंथालयें, संग्रहालयें व इतर लोकोपयोगी कामें ह्यांस सुमारें वीस कोटी डॉलर दिले होते. उतारवयांत त्यांस अल्झायमर नांवाच्या स्मृतिभ्रंशानें ग्रासलें. पैशाचा कारभार त्यांचा एकुलता मुलगा अँथनी मार्शल पाही, आणि कागदपत्रांच्या कामीं फ्रान्सिस मॉरिसी नांवाचा वकील होता. २००६ सालीं बाईंच्या नातवानें, म्हणजे मार्शलच्याच मुलानें, आजीचा पालक बदलावा म्हणून कोर्टांत अर्ज केला. त्या कामांत मृत्युपत्राच्या एका पुरवणीवरील सहीविषयीं संशय निघाला, आणि प्रकरण सरकारी वकिलांकडे गेलें. २००७ च्या ऑगस्टांत बाई १०५ वर्षांच्या होऊन वारल्या; नोव्हेंबरांत दोघांवर आरोप ठेवण्यांत आले; आणि कित्येक महिने साक्षीपुरावे चालून ऑक्टोबर २००९ मध्यें ज्यूरीनें दोघांस दोषी ठरविलें. मुलानें आपला मेहनताना आपणच मागील काळापासून वाढवून सुमारें दहा लाख डॉलर उचलले होते. वकिलानें सही बनावट केली होती. प्रत्येकास एक ते तीन वर्षांची कैद झाली.

अपील संपून मार्शल प्रत्यक्ष तुरुंगांत गेला तो २०१३ सालीं. तेव्हां तो ८९ वर्षांचा होता. प्रकृति ढासळल्यामुळें दोनेक महिन्यांत त्यास सोडण्यांत आलें, व पुढच्या वर्षीं तो वारला. त्यास सोडलें हें आम्हांस योग्यच वाटतें. पण म्हणून खटलाच भरावयास नको होता, असें मात्र वाटत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आमचा रोष मुलाहून त्या वकिलावर अधिक आहे. मुलास आईच्या संपत्तीची आशा असणें हें मनुष्यस्वभावास धरून तरी आहे. वकिलाचा धंदाच मुळीं दुसऱ्याच्या भरंवशावर चालतो.

पुष्कळ लोक विचारतात, म्हाताऱ्या माणसानें स्वतः फिर्याद कां केली नाहीं? पवित्र शास्त्रांतील इसहाकाची गोष्ट आठवा. दृष्टि गेलेल्या त्या वृद्धास आवाजावरून शंका आलीच होती. पण शंकेची खात्री करून घेण्यास त्याच्यापाशीं साधन कोणतें? जो फसवीत होता त्याचेच हात चाचपून पाहणें! ज्यास कागद वाचतां येत नाहीं, ज्याचें औषध, जेवण व बँकेंत जाणें एकाच माणसावर अवलंबून आहे, त्यानें त्या माणसाविरुद्ध कोणापाशीं बोलावें? म्हणूनच फिर्यादीचा भार त्याच्यावर टाकून चालत नाहीं. ॲस्टरबाई तर खटल्यापूर्वींच निवर्तल्या होत्या. तरीहि सह्या, तारखा व हिशेबाच्या वह्या बोलल्या.

आमच्या देशांत ह्यासाठीं कायदा नाहीं असें नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंतच बँकवाला, दलाल, मुखत्यार ह्यांनीं केलेला विश्वासघात साध्या चोरीहून भारी मानलेला होता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंहि तोच क्रम ठेवला आहे: साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, सामान्य विश्वासघातास पांच, आणि अशा धंदेवाईक विश्वासूनें केलेल्या घातास दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. शिवाय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणें, सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन लिहून घेऊन पुढें सांभाळ न करणाऱ्याचें बक्षीसपत्र न्यायाधिकरणास रद्द करतां येतें. ही सोय उत्तम आहे; परंतु घेतलेलें परत देणें एवढीच जर शिक्षा असेल, तर लुबाडणाऱ्याचें जाणार काय? साधलें तर शेत त्याचें, न साधलें तर पूर्वीं होता तेथेंच तो!

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. आजोबांनीं आपलें शेत धाकट्या मुलीस दिलें, किंवा देवळास, चर्चला वा शेजाऱ्यास दिलें, म्हणजे गुन्हा झाला असें नव्हे. वृद्ध म्हणजे बालक नव्हे. आपल्या वस्तूचा अविचारानें व्यय करण्याचाहि त्यास हक्क आहे, आणि रुसलेल्या वारसांच्या समाधानासाठीं पोलीस धाडूं नयेत. प्रश्न दोनच: काय लिहिलें आहे हें त्यास समजलें होतें काय, व ज्यास लाभ झाला त्यानेंच तो कागद तयार करविला होता काय?

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, घरांतील वडीलधाऱ्यांचा अंगठा किंवा सही घेण्यापूर्वीं तो कागद मोठ्यानें वाचला जावा, आणि तो लाभ न होणाऱ्या माणसानें वाचावा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास बँकेचें इंग्रजी बऱ्यापैकीं समजतें. आजीस तें समजत नाहीं. महिन्यांतून एकदां तिचें पासबुक घेऊन बसावें, किती आले, किती गेले, कोणी काढले, हें तिला सांगावें. पंधरा मिनिटें पुरतात.